साथीच्या आराखड्यात मनाची जागा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७ सालचा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग शिरला आणि पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने हा चार कलमांचा कायदा घाईने करून टाकला. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, रुग्णांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत हलवलं, सामानसुमान जाळलं. लोक प्लेगला भ्यायले होतेच, पण आपल्या माणसापासून तोडलं जाण्याची धास्ती त्याहून मोठी होती. म्हणून आजारी माणसं लपवली गेली, मृत्यू लपवले गेले, आणि लपवल्यामुळे साथ आणखी फैलावली. त्याच वर्षी, त्याच शहराच्या वेशीबाहेर सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आणून त्यांची सेवा करत होत्या. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका ठिकाणी आजाऱ्याला ओढून नेलं जात होतं, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी त्याला हात देऊन आणत होतं. साथीच्या काळात माणसाच्या मनाचं काय होतं, याचं बरंचसं उत्तर या दोन रीतींमधल्या फरकात आहे.

कोविडच्या काळात मानसिक आरोग्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं. वर्तमानपत्रांत सदरं आली, वेबिनार झाले, घरोघरी प्राणायामाचे व्हिडिओ फिरले. पण त्यातल्या बहुतेक सल्ल्यांचा सूर एकच होता : तुमचं मन तुम्ही सांभाळा. साथ ओसरून गेल्यावर हाती आलेली माहिती नीट पाहिली, तर मला त्यातून वेगळंच दिसतं. मन सांभाळणं ही एकट्याची गोष्ट फार थोडी होती. मजुरी चालू आहे की नाही, औषध मिळतंय की नाही, मरणाऱ्याचं तोंड पाहता आलं की नाही, जवळ ऐकून घेणारं कुणी आहे की नाही, यांवर ती जास्त अवलंबून होती.

आधी भीतीचं. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. आठवडाभरात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारायला सुरुवात झाली. असे शिक्के असलेले प्रवासी दिसताच सहप्रवाशांनी आरडाओरडा केला आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवलं गेलं. पुढे इमारतींना पत्रे ठोकले गेले, गल्ल्या बांबू लावून बंद झाल्या, नर्स आणि डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितलं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले, की एप्रिल २०२० मध्ये केंद्राने अध्यादेश काढून त्याच जुन्या कायद्यात सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद घातली. ताप आला तरी तपासणी नको, असं लोक का म्हणत होते, हे समजून घ्यायला १८९७ आठवलं तरी पुरे. आजाराबरोबर बदनामी येणार असेल, तर माणूस आजार लपवतो. जागतिक आरोग्य संघटनेने १८ मार्च २०२० च्या आपल्या सूचनांमध्येच सांगितलं होतं, की आजाऱ्याला त्याच्या आजाराच्या नावाने ओळखू नका. आपल्याकडे ‘अमुक बिल्डिंगमधला पॉझिटिव्ह’ ही ओळख व्हॉट्सअॅपवर काही मिनिटांत पोहोचत होती, आणि बरा होऊन आलेला माणूस महिनोन्महिने जिन्यात कुणी समोर येऊ नये म्हणून थांबून राहत होता.

जगभरचे आकडे आता उपलब्ध आहेत. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण जगात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं. ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०२० मध्ये साथीमुळे नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३० लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६० लाख जास्तीचे रुग्ण झाले, सर्वांत जास्त झळ बायकांना आणि तरुणांना बसली. मात्र २१ देशांच्या आकडेवारीवरच्या दुसऱ्या अभ्यासात, पहिल्या काही महिन्यांत आत्महत्या वाढल्या नाहीत असं दिसलं. हे देश श्रीमंत किंवा मध्यमच्या वरच्या उत्पन्नगटातले होते आणि त्यांतल्या कित्येकांनी घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराची काही ना काही तजवीज केली होती. भारत त्या यादीत नव्हता.

भारताचं चित्र राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत आहे. देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. महाराष्ट्र या यादीत सर्वांत वर होता : २०२१ मध्ये २२,२०७. ही सगळी वाढ कोविडमुळेच झाली असं म्हणता येत नाही. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असतं, आणि पोलिसी नोंदीत बरंच काही निसटतं. पण या आकड्यांच्या पोटातला एक आकडा मला फार अस्वस्थ करतो. आत्महत्या केलेल्यांत रोजंदारीवरचे लोक २०१९ मध्ये ३२,५६३ होते, ते २०२१ मध्ये ४२,००४ झाले. दोन वर्षांत जवळपास साडेनऊ हजारांची भर. टाळेबंदी जाहीर झाली ती २४ मार्चच्या रात्री आठ वाजता, लागू झाली मध्यरात्रीपासून. ज्याचं आजचं जेवण आजच्या हजेरीवर असतं, त्याला मिळालेली मुदत चार तासांची. ८ मे २०२० ला जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले आणि करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी जायला निघाले होते ते. त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवून काय झालं असतं? पोचवणारी गाडी, हातात थोडे पैसे आणि वाटेत अन्न, हेच त्या क्षणी त्यांच्या मनाचं औषध होतं. नैराश्यावरच्या चर्चेत रेशन आणि मजुरी यांना जागा नसेल, तर ती चर्चा अर्धीच राहते.

याचा अर्थ स्वतःपुरते उपाय निरुपयोगी असतात असा नाही. झोपायची-उठायची वेळ न मोडणं, दिवसात थोडं ऊन अंगावर घेणं, शरीर हलतं ठेवणं, बातम्या दिवसातून एकदोनदाच पाहणं, रोज एका तरी माणसाशी मनापासून बोलणं, दारू आणि झोपेच्या गोळ्यांचा आधार न घेणं, या साध्या गोष्टींचा फायदा होतो आणि तो अभ्यासांनी दाखवलेला आहे. रिकाम्या दिवसाला एखादं ठरलेलं काम असलं की मन सावरतं. नैराश्यावरच्या उपचारपद्धतींपैकी एक याच तत्त्वावर उभी आहे. पण हे सल्ले देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा तीन खोल्यांचं घर होतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, सार्वजनिक संडास, एकच मोबाइल, त्यावर दोन मुलांचे वर्ग, अशा घरात ‘स्वतःसाठी अर्धा तास’ कुठून काढणार? बाईच्या वाट्याला तर कामच वाढलं. सगळे घरात, म्हणजे चहा चारदा, भांडी दिवसभर. आणि जिला मारहाण होत होती तिच्यासाठी घर हीच सर्वांत धोक्याची जागा होती. राष्ट्रीय महिला आयोगाकडे टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यांत घरगुती हिंसेच्या तक्रारी दुपटीहून अधिक झाल्या. फोन करायला नवरा घराबाहेर जाण्याची वाट पाहावी लागते, आणि तो जातच नव्हता. त्यामुळे ज्या तक्रारी पोहोचल्याच नाहीत त्यांची गणती कुणाकडेच नाही.

ज्यांचा मानसिक आजार आधीपासूनचा होता, त्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिलं गेलं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. कितीतरी कुटुंबं महिन्याच्या महिन्याला एसटीने शंभर-दीडशे किलोमीटर जाऊन गोळ्या आणतात. एसटी थांबली आणि गोळ्याही थांबल्या. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या माणसाचं औषध तुटलं की काही आठवड्यांत आजार उलटतो : रात्ररात्र जागणं, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, घर सोडून निघून जाणं. त्यातून बाहेर पोलिसांच्या काठ्या. २५ मार्च २०२० ला केंद्राने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले, त्यामुळे डॉक्टरांना फोनवरून तपासून औषध लिहून देण्याला मान्यता मिळाली. हे मोठं पाऊल होतं आणि ते वेळेवर पडलं. पण व्हॉट्सअॅपवर आलेली चिठ्ठी तालुक्याच्या मेडिकल दुकानात मानली जाईल आणि तिथे लिथियम मिळेल, याची खात्री कुणी देत नव्हतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचा साठा पोचवणं, एवढ्या एका व्यवस्थेने हजारो घरं वाचली असती.

दारूचंही तसंच. दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा अनेकांना ते चांगलंच वाटलं. पण रोज पिणाऱ्याचं शरीर अचानक दारूविना पडलं, की हातपाय थरथरतात, भास होतात, आकडी येते, प्रसंगी जीव जातो. केरळमध्ये पहिल्याच आठवड्यात यातून आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं ठरवलं, त्याला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. खरा मार्ग त्या दोन्हींच्या मधला होता : दारू सुटताना लागणारी औषधं आणि देखरेख जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळणं. पुण्याचं मुक्तांगण किंवा साताऱ्याचं परिवर्तन यांसारख्या व्यसनमुक्तीच्या संस्थांकडे हे ज्ञान वर्षानुवर्षांचं आहे; टाळेबंदीची आखणी करणाऱ्यांच्या टेबलावर ते असायला हवं होतं.

आता शोकाविषयी. माझ्या मते कोविडने मनावर केलेली सर्वांत खोल जखम ही आहे, आणि ती अजून भरलेली नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट शिगेला पोचली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. खाट मिळवायला रात्रभर फोन, रेमडेसिविरसाठी रांगा, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी दागिने गहाण. २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण गेले, दोनच दिवसांनी विरारला अतिदक्षता विभागात आग लागली. अॅम्ब्युलन्सच्या दारात ‘येतो’ म्हणून गेलेला माणूस थेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला परत आला, किंवा आलाच नाही. फक्त फोन आला.

आपल्याकडे मरण ही एकट्या घराची गोष्ट कधीच नसते. चूल पेटत नाही म्हणून शेजारघरून पिठलं-भाकरी येते. लोक भेटायला येतात, तेच तेच प्रश्न विचारतात : कसं झालं, शेवटी काय बोलले? ती हकिगत पंचवीसदा सांगताना घडलेलं हळूहळू खरं वाटू लागतं. दहाव्याला कावळ्याची वाट पाहताना गेलेल्याच्या राहिलेल्या इच्छा मोठ्याने बोलल्या जातात. मुसलमान घरात जियारतीला माणसं जमतात, ख्रिस्ती घरात महिन्याच्या मिस्साला. कुठल्याही धर्मातल्या या रीतींवर श्रद्धा असो वा नसो, दुःख वाटून घ्यायची ती पिढ्यांनी घडवलेली सोय आहे. कोविडमध्ये ती पूर्ण कोसळली. अंत्यविधीला वीसच माणसं, तीही लांब उभी. बऱ्याच ठिकाणी तेवढीही नाहीत. मागे राहिलेल्यांच्या मनात प्रश्न अडकून पडले : आजार मीच घरात आणला का? दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं तर? त्यांना तहान लागली असेल तेव्हा पाणी दिलं असेल का कुणी?

यातली सर्वांत दुःखद गोष्ट अशी, की हे सगळं विषाणूने लादलेलं नव्हतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच मृतदेहांच्या हाताळणीचे जे नियम काढले, त्यांत नातेवाइकांना अखेरचं दर्शन घडवायला पिशवीची चेहऱ्याकडची चेन कर्मचाऱ्याने उघडावी, याला मुभा होती. देहाला स्पर्श न करता होणारे विधी, पाणी शिंपडणं, पठण, यांनाही परवानगी होती. नियमात माया होती, पण ती वॉर्डापर्यंत पोचली नाही. धास्ती, अपुरी माणसं आणि गर्दी यांत लाखो घरांचा निरोप हुकला.

दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. सहा महिने उलटल्यावरही गेलेल्याची ओढ रोज तितक्याच तीव्रतेने छळत असेल, रोजचं जगणं अडलं असेल, तर ती उपचारांची वेळ समजतात. अशा माणसाला ‘आता सावर’ म्हणून उपयोग नसतो. राहून गेलेला निरोप उशिरा का होईना, घेऊ देणं हे त्या उपचारातलं एक काम आहे : वर्षश्राद्धाला सगळ्यांनी जमून बोलणं, पत्र लिहिणं, ज्या रुग्णालयात शेवट झाला तिथे एकदा जाऊन येणं.

आणि शोक एकटा येत नाही. कर्ता पुरुष गेलेल्या बाईपुढे रुग्णालयाच्या बिलाचं कर्ज, सासरच्यांशी जमिनीचा वाद, बँकेचे हप्ते आणि मुलांची फी एकदम उभी राहिली. सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभारली आणि तालुक्यातालुक्यांत या बायकांना एकत्र केलं. वारस नोंद, रेशन कार्ड, सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने ठरलेलं पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान, अशी कागदोपत्री कामं त्यांनी लावून धरली. त्या बैठकांना कुणी समुपदेशन म्हटलं नसेल, पण आपल्यासारख्याच दहा जणींमध्ये बसून रडता येणं आणि तहसीलदारासमोर एकटीने उभं राहावं न लागणं, याने जे साधतं ते मला समुपदेशनाइतकंच मोलाचं वाटतं.

मुलं आणि म्हातारी माणसं यांच्याबद्दल थोडक्यात. राज्यातल्या बऱ्याच शाळा मार्च २०२० पासून, मधला थोडा काळ सोडला, तर ४ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद होत्या. शाळा म्हणजे मैत्री, खिचडी आणि घराबाहेर लक्ष ठेवणारी एक बाई. या तिन्ही गोष्टी एकदम गेल्या. वृद्धांचा इशारा तर आधीच मिळालेला होता : २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगमध्ये पासष्टीपुढच्या माणसांच्या आत्महत्या वाढल्या होत्या. एकटेपण आणि ‘आपण घरच्यांवर ओझं’ ही भावना ही त्यामागची मुख्य कारणं होती. २०२० मध्ये आळंदी-देहूच्या पालख्या एसटीने, मोजक्या लोकांसह पंढरपूरला गेल्या. ज्या म्हाताऱ्यांचं वर्ष वारीवर मोजलं जातं त्यांच्या मनाचं काय झालं, हे कुणी विचारायला गेलं नाही.

कोविड होऊन गेल्यावर येणारी उदासी केवळ धसक्याची नसते, हेही लक्षात घ्यायला हवं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कोविड झालेल्या २,३६,३७९ लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये मेंदूचा किंवा मनाचा कुठला ना कुठला विकार नोंदला गेला होता. विसरायला होणं, छातीत धडधड, झोप न लागणं, कशातच मन न रमणं, या तक्रारी घेऊन येणाऱ्याला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवणं अन्याय आहे.

मग मदत करणार कोण? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातल्या दहा प्रौढांपैकी साधारण एकाला त्या वेळी मानसिक विकार होता, आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून जास्त लोक उपचारांविना होते. लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या देशात साथ आल्यावर तज्ज्ञांची फौज उभी राहणं शक्यच नव्हतं. फोन हा आधार होता. ठाण्याची आयपीएच, पुण्याची कनेक्टिंग, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही मंडळी साथीच्या आधीपासून फोनवर लोकांचं ऐकत आली होती. केंद्राची किरण हेल्पलाइन ७ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली, टेलिमानस १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे लाटा ओसरल्यावर.

पण फोनच्याही आधी माणूस लागतो, आणि तो कसा उभा करायचा हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. गोव्यात संगाथ या संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून सरकारी दवाखान्यांत नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम केलं; त्याचा गुण येतो हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ने गावातल्याच विश्वासू माणसांना ऐकून घ्यायला आणि सरकारी योजनांशी जोडून द्यायला शिकवलं. करमत नाही, जीव घाबरा होतो, डोकं जड झालंय, असं गावातली बाई जिला सांगते ती डॉक्टर नसते. ती बचतगटातली, अंगणवाडीतली, नाहीतर आशा ताई असते.

आशांच्या खांद्यावर मात्र आणखी एक काम ठेवून मोकळं होता येणार नाही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या दारोदार फिरल्या, शिव्या खाल्ल्या, घरी लहान मुलांना जवळ न घेता महिने काढले, आणि मोबदला वाढावा म्हणून जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. इतरांचं ऐकणाऱ्याचं कुणीतरी ऐकलं पाहिजे, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत.

एखाद्याच्या मनात जीव देण्याचे विचार असावेत अशी शंका आली, तर त्याला तसं थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं हलवावीत आणि डॉक्टरकडे न्यावं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढची साथ येईल तेव्हा जिल्ह्याचा आराखडा खाटा आणि ऑक्सिजन मोजून थांबू नये. नियमित मनोविकाराची औषधं घेणाऱ्यांची यादी आणि तीन महिन्यांचा साठा प्रत्येक आरोग्य केंद्रात. वॉर्डातल्या रुग्णाचं दिवसातून एकदा घरच्यांशी बोलणं. रक्ताच्या निदान दोन माणसांना अखेरची भेट. विलगीकरण केंद्रात आल्या दिवसापासून समुपदेशक. काम बंद झालेल्या मजुराला पहिल्याच आठवड्यात रेशन आणि रोकड. ही पाच कामं आणि प्रत्येकापुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद, एवढा मजकूर एका पानात मावतो, आणि तो साथ नसतानाच लिहून ठेवता येतो.